पान कोणी वाढायचं?

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पुण्यात वेबचं काम नवं होतं तेव्हापासून ती त्यात आहे. आमचे चिरंजीवही आत्याच्याच वाटेनं गेले. फरक एवढाच, की स्क्रीनवर खिडकी, बटण, कॅलेंडर असं काहीही मांडायचं झालं की ताई प्रोग्रॅम लिहिते आणि चिरंजीव टॅग लिहितात. हा फरक केवढा मोठा आहे, हे यंदाच्या गौरीजेवणापर्यंत मला माहीत नव्हतं. मी जन्मभर मुद्रितं तपासली. या विषयात माझा अधिकार शून्य. पण दोन जाणती माणसं जीव तोडून भांडायला लागली की मी पेपर बाजूला ठेवतो.

निमित्त होतं ताईच्या कचेरीतल्या एका जुन्या स्क्रीनचं. ती नव्यानं बांधायची म्हणून सणाच्या दिवशीही लॅपटॉप तिच्या पिशवीतून आला होता.

चिरंजीव : आत्या, हे कुणी लिहिलंय? अर्धी स्क्रीन टॅगमध्ये आणि अर्धी कोडमध्ये.

ताई : टॅगवाली अर्धी माझ्या आधीच्या माणसाची, कोडवाली माझी. बंद पडते ती नेहमी पहिली अर्धी, तेवढं लिहून ठेव.

ही स्क्रीन डोजोमध्ये बांधलेली. डोजो हा २००४ साली सुरू झालेला जावास्क्रिप्टचा संच. टॅब, कॅलेंडर, उघडमिट करणारे कप्पे अशी तयार विजेट त्यात मिळत, आणि ती मांडायचे दोन रस्ते असत. एक म्हणजे पानाच्या टॅगमध्येच ‘हा अमुक जातीचा डबा आहे’ असं लिहून ठेवायचं. पान उघडलं की डोजोचा पार्सर सगळे टॅग धुंडाळतो आणि जिथे अशी खूण दिसेल तिथे विजेट उभं करतो. दुसरा रस्ता म्हणजे कोडमध्ये एकेक विजेट हातानं घडवायचं आणि एकात एक घालत जायचं. दोन्ही रस्ते अधिकृत. त्यामुळे एकाच स्क्रीनवर दोन माणसांचे दोन स्वभाव राहून गेले होते.

चिरंजीव : टॅगवाली अर्धी मला वाचता येते गं. हे बघ, बाहेर बॉर्डर कंटेनर. त्यात वर एक पट्टी, सुरुवातीच्या बाजूला यादी, मध्ये टॅब. डोळे फिरवले की स्क्रीन दिसते. तुझ्या अर्ध्यात नवा कंटेनर कर, नवा पेन कर, तो यात घाल, हा त्यात घाल... शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय काय कुठे आहे त्याचा पत्ता नाही.

ताई : मग जा की शेवटच्या ओळीपर्यंत. तरुण आहेस.

चिरंजीव : आणि ती शेवटची ओळच राहिली तर?

ताई हसली. नंतर मला कळलं की ही तिची दुखरी नस आहे. कोडनं डबे रचून झाले की ‘स्टार्टअप’ अशी एक हाक द्यावी लागते. ती दिली नाही तर मोजमाप होतच नाही आणि डबे एकमेकांवर कोसळल्यासारखे दिसतात. टॅगच्या रस्त्यानं गेलं तर ही हाक पार्सर स्वतः देतो.

ताई : विसरायचे मी. पहिल्या वर्षी तर दर आठवड्याला. पण चूक माझी होती आणि मला सापडायची. ओळीवर बोट ठेवून थांबता यायचं. आता तू सांग. टॅग सगळे बरोबर आहेत, एकही चूक नाही, आणि पान कोरं. का?

चिरंजीव : बाहेरच्या डब्याला उंची दिली नसेल.

ताई : दिली होती. शंभर टक्के. पण शंभर टक्के कशाचे? बापाच्या उंचीचे. आणि बापाची उंची कुणी ठरवलेली नाही. झालं, डबा मिटून गेला. दोन दिवस घालवले होते मी त्यावर. ते तुझे टॅग खोटं बोलले नाहीत रे, अर्धंच बोलले. उरलेलं अर्धं कुठे लिहिलंय, ते तुला आधीच माहीत असावं लागतं.

चिरंजीव : ते डोजोचं झालं. शिवाय ते टॅगसुद्धा खरे टॅग नव्हतेच. ‘प्रॉप्स’ म्हणून जे लिहायचात तो अवतरणचिन्हात कोंबलेला जावास्क्रिप्टच होता. टॅगच्या बगलेत लपवलेला कोड!

ताई : बघ, आपलं एकमत झालं. मी तो बगलेतून काढून उजेडात लिहिला, एवढाच माझा गुन्हा.

स्वयंपाकघरातून हाक आली, “पानं मांडायला घ्या, दोघंही!” केळीची पानं पुसून ठेवलेली होती. चिरंजीवांनी एक उचललं आणि आत्यासमोर धरलं.

चिरंजीव : आजीनं तुला पान वाढायला शिकवलं तेव्हा काय सांगितलं? वरून दोन इंच, डावीकडून सात इंच, तिथे मीठ?

ताई : मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात.

चिरंजीव : म्हणजे आजी डिक्लरेटिव्ह होती. पान लहान असो, मोठं असो, फाटकं असो, चटणी डावीकडेच. इंच किती, ते वाढणाऱ्यानं पान बघून ठरवायचं. ब्राउझर हा तो वाढपी.

आणि त्यानं पान तिथेच ठेवून लॅपटॉप ओढला. त्यानं लिहिलेलं मी जसंच्या तसं देतो, कारण ते देवनागरीत होतं आणि ब्राउझरनं ते मुकाट्यानं मानलं, याचं मला फार नवल वाटलं :

“लिंबू मीठ भाजी”
“चटणी भात भाजी”
“कोशिंबीर भात आमटी”

पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या सीएसएस या भाषेत ग्रिड नावाची सोय आहे. मार्च २०१७मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत ती एकदमच आली. तिच्यात पानाचे भाग असे नावांनी रांगा-रांगांत लिहिता येतात. जे नाव दोन खणांत येतं ते दोन खण व्यापतं. नावं इंग्रजीतच हवीत असा नियम नाही. अक्षरं टंकताना त्यानं पानाचं चित्रच काढलं होतं. स्क्रीनवर भात खरोखर मधोमध उंच बसला.

ताईनं ते नीट पाहिलं. तिला आवडलं होतं, मला चेहऱ्यावरून कळत होतं. पण आमच्या घरात आवडलं असं लगेच म्हणत नाहीत.

ताई : छान. आता भाजी जरा खालीही पसरू दे. सोळा भाज्यांची आहे आज. आमटी सरकव भाताच्या खाली, मधल्या खणात, आणि भात वरच्याच खणात ठेव. भाजीला उजवी बाजू पूर्ण, आणि कोशिंबिरीच्या वरचा चटणीचा खणही भाजीलाच दे.

चिरंजीव : तसं नाही चालणार. एका नावाचे खण मिळून चौकोनच झाला पाहिजे.

ताई : आणि नाही झाला तर? चूक दाखवतो?

चिरंजीव : नाही... ती तिन्ही ओळींची अख्खी मांडणीच तो सोडून देतो.

ताई : म्हणजे एका भाजीपायी सगळं पान रद्द, आणि वाढपी तोंडातून शब्द काढत नाही! माझ्या कोडमध्ये चूक झाली तर तो निदान बोंबलतो तरी.

चिरंजीव : न बोंबलणं हा दोष नाही, स्वभाव आहे. जे कळत नाही ते सोडून पुढे जायचं, ही वेबची जुनी रीत. म्हणून तर आज लिहिलेलं पान दहा वर्षांपूर्वीच्या ब्राउझरमध्येसुद्धा काहीतरी दाखवतं. तुझा कोड एका ओळीवर अडला की अख्खी स्क्रीन पांढरी. आणि थांबून बघायचंच असेल, तर फायरफॉक्स या ग्रिडच्या रेघा पानावर आखून दाखवतो. ओळीवर बोट नाही ठेवता येत, पण खणावर येतं.

इथे ताईचा पुढचा डाव अनपेक्षित होता. तिनं पानं मांडायला घेतली, पहिल्या पानावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि विचारलं, “तुझ्या चित्रात पहिलं काय आहे?”

चिरंजीव : लिंबू.

ताई : आणि वाढताना पहिलं काय वाढतात? मीठ. तू चित्र काढलंस ते दिसण्याचं. वाढण्याचा क्रम वेगळा असतो. तुझ्या ग्रिडनं चटणी हवी तिथे ठेवली, पण ज्याला दिसत नाही, जो स्क्रीन-रीडरवर ऐकतो किंवा टॅब दाबत पुढे जातो, त्याला चटणी कधी मिळणार?

चिरंजीव : ज्या क्रमानं मी टॅग लिहिलेत, त्या क्रमानं. ग्रिड जागा बदलते, क्रम नाही बदलत.

ताई : म्हणजे दोन ठिकाणी दोन पानं वाढलीस. एक डोळ्यांचं, एक कानाचं. आणि दोन्ही जुळतात की नाही, ते कुणी बघत नाही.

चिरंजीव : मी बघतो. टॅग आधी क्रमानं लिहितो : मीठ, लिंबू, चटणी... मग चित्र. पण तुझ्या कोडमध्ये तर कानाचं पान नव्हतंच गं! डबा घडवला, त्यावर क्लिक बसवली, की झालं बटण. डोळे नसलेल्याला तो नुसता डबा. मी बटणाचा टॅग लिहिला की ते बटण आहे हे ब्राउझरला कळतं, ऐकणाऱ्याला कळतं, कीबोर्डला कळतं. एक शब्द लिहिला, तीन जणांना सांगितलं.

ताईनं मान हलवली. हा मुद्दा तिला मान्य आहे हे मला आधीपासून माहीत आहे. तिनं एकदा नुसत्या संवादखिडकीसाठी, म्हणजे ती उघडली की मागचं सगळं थिजवणं, एस्केप दाबली की मिटणं, टॅबनं फिरताना आतच राहणं, यासाठी किती रात्री घालवल्या ते मी ऐकलं आहे. आता ‘डायलॉग’ नावाचा टॅगच आहे. मार्च २०२२पासून तो सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतो. तिच्या त्या रात्री एका टॅगात मावल्या.

ताई : अजून एक. उद्या माझ्या स्क्रीनला उर्दू हवं आहे. उजवीकडून डावीकडे.

चिरंजीव : काहीच करायला नको! दिशा बदलली की ग्रिड आपोआप उलटते. डोजोतसुद्धा डावं-उजवं न म्हणता ‘सुरुवातीची बाजू, शेवटची बाजू’ म्हणायची सोय होती, ती याचसाठी. मी जागा सांगतच नाही, नातं सांगतो.

ताई : मग तुझ्या पानावर चटणी उजवीकडे जाईल.

चिरंजीव गप्प झाले. मीही. मग तिघंही हसलो. केळीच्या पानाची डावी बाजू लिपीवर ठरत नाही. जेवणारा उर्दू वाचो की मराठी, चटणी त्याच्या डाव्या हाताला. यादी मात्र वाचायला जिथून सुरुवात होते तिथेच हवी. दोन्ही ‘डावीकडे’च, पण एक डावं हाताचं आणि एक डावं नजरेचं.

चिरंजीव : तेवढ्या डब्याची दिशा बांधून टाकायची. एक शब्द.

ताई : एक शब्द, पण तो कुठे लागणार हे माणसानंच ओळखायचं ना? तेच म्हणते मी. वाढप्यावर सगळं सोपवता येत नाही.

चिरंजीव : आणि सगळं हातानं करताही येत नाही. तुमच्या पिढीनं केलंच होतं ते. तक्ते वापरून पानं रचायचात, आणि अंतर ठेवायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचात!

ताई : बसवायचो. आणि सगळ्या स्क्रीनवर एकसारखं दिसायचं.

चिरंजीव : सगळ्या म्हणजे आठशे बाय सहाशेच्या!

वाद असाच भाजी-आमटीसारखा सरमिसळ झाला असता, पण मी चष्मा पुसत एक प्रश्न विचारला. मी ब्राउझरमध्ये अक्षर दुप्पट मोठं करून वाचतो. वयाचा मामला आहे. मग ताईच्या स्क्रीनवर मला ‘जतन करा’मधला ‘करा’ का दिसत नाही?

ताई : कारण बटणाची रुंदी मी ऐंशी पिक्सेल लिहिली आहे.

चिरंजीव : इंग्रजीत तिथे चार अक्षरांचा ‘सेव्ह’ होता! आणि उंचीही बांधली असशील. बाबा, ‘अर्की’ लिहून बघा, वरचा रफार आणि वेलांटी कापली जाईल. बाबांनी अक्षर मोठं केलं हे तुझ्या कोडला कधी कळलंच नाही, कारण तू त्यांना विचारायला जागाच ठेवली नाहीस. १९९४च्या ऑक्टोबरमध्ये होकॉन व्हिउम ली यांनी सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला ना, त्यातच हे होतं. पान लिहिणाऱ्याची मर्जी आणि वाचणाऱ्याची मर्जी, दोन्ही एकत्र कशा नांदतील? आज्ञा दिली की वाचणारा संपला. वर्णन दिलं तर त्याला जागा उरते.

हे वाक्य ऐकून मला मुलाचा अभिमान वाटला, ते मी ताईला दाखवलं नाही. पण तो म्हणतो तितकं ते सरळही नाही. वर्णनाच्या ग्रिडमध्येही ‘शिधापत्रिकाधारक’ असा एखादा लांबलचक शब्द आला की खण त्या शब्दाहून अरुंद व्हायला तयार होत नाही आणि शेजारच्याला ढकलत पानाबाहेर जातो. त्याला ‘तू शून्यापर्यंत आकसलास तरी चालेल’ असं वेगळं सांगावं लागतं. हे मला ताईनंच नंतर, खीर वाढताना, कानात सांगितलं. तिचा स्वभावच तसा : भांडणात वापरायचं नाही, मागाहून सांगायचं.

ताईचा खरा मुद्दा तिनं जेवताना काढला, आणि तो मला आजही सगळ्यांत भारी वाटतो.

ताई : पान सगळ्यांना सारखं असेल तर चित्र काढ बाबा. पण माझ्या स्क्रीनवर कारकुनाला नऊ रकाने, अधिकाऱ्याला चौदा, तपासनिसाला फक्त वाचायला. कुणाला कुठला दाखवायचा ते आकड्यांवर ठरतं. हे टॅगमध्ये कसं सांगशील? मग तुम्ही टॅगमध्ये ‘जर’ आणता. मग ‘प्रत्येकासाठी फिरव’ आणता. मग बेरीज, मग तुलना. अँग्युलरसारख्या संचाच्या टॅगांत मी हे सगळं पाहिलं आहे. वर्णन म्हणून सुरू केलेली भाषा वाढत वाढत प्रोग्रॅमिंगची भाषा होते, आणि तीही अशी, की जिच्यात नीट थांबताही येत नाही. त्यापेक्षा सरळ प्रोग्रॅमच लिहावा ना!

चिरंजीव : रिअ‍ॅक्ट या दुसऱ्या संचानं तेच केलं की. २०१३मध्ये. ‘जर’ आणि ‘फिरव’ जावास्क्रिप्टमध्येच ठेवलं, आणि त्या जावास्क्रिप्टनं शेवटी टॅगसारखं वर्णन परत द्यायचं. काय बदललं ते शोधून पानावर हात फिरवायचं काम त्याचं.

ताई : म्हणजे माझा कोड आणि तुझे टॅग.

चिरंजीव : पण तुझा कोड पानाला हात लावत नाही. तो पान कसं असावं एवढंच सांगतो. आणि २००९मध्ये गूगलच्या जीडब्ल्यूटीवाल्यांनीही उलट्या बाजूनं हेच केलं होतं. जावातून एकेक विजेट घडवणाऱ्यांना यूआयबाइंडर दिला, एक्सएमएलमध्ये मांडणी लिहा म्हणाले. एकेक हाक मारून पान बांधण्यापेक्षा ब्राउझरला सगळं लिहून एकदम दिलं तर तो जास्त भराभर बांधतो, हे त्यांनी कारण दिलं होतं. टिम बर्नर्स-ली आणि नोआ मेंडेलसन यांचा २००६चा एक लेखही आहे, काम भागेल त्या सगळ्यांत दुबळ्या भाषेत लिहा म्हणून. दुबळ्या भाषेत लिहिलेलं इतरांनाही उलगडता येतं. तुझा कोड चालवल्याशिवाय कुणाला काही कळत नाही.

ताई : दुबळी भाषा वाचायला बरी. पण कमी पडली की तिला पंख लावतात, ते आणखी वाईट. वाढ, भात संपलाय माझ्या पानावरचा.

दुपारी तीनला लॅपटॉप पुन्हा उघडला. ताईनं फॉर्मचा एक कोपरा चिरंजीवांच्या पद्धतीनं करून बघायला दिला होता. रुंदी बांधलेली नाही, लेबलं लेबलांच्याच टॅगमध्ये. मला दाखवलं. मी सवयीनं आधी अक्षरं बघितली.

“हे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत,” मी म्हटलं. शासनानं २००९च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितला आहे. आयुष्यभर मी अशा अक्षरांवर खुणा केल्या.

चिरंजीव खुलले. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये त्यांनी भाषेची खूण ‘मराठी’ अशी केली. “आता एक अक्षरही न बदलता सगळे ‘ल’ मराठी होतील. आत्या, बघ हं.”

पान ताजं केलं. काहीच झालं नाही.

ताईनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला. “घोषणा केलीस, पण ऐकणारा कोण? या फॉन्टमध्ये मराठी वळणं नाहीतच.” तिनं दुसरा फॉन्ट जोडला, ज्याच्यात दोन्ही वळणं आहेत आणि भाषा पाहून अक्षर निवडायची सोय आहे. पान पुन्हा ताजं केलं, आणि सगळ्या फॉर्मभर ‘ल’ला पाकळ्या फुटल्या.

“हे कोडमध्ये कुठे लिहिलंस?” मी ताईला विचारलं.

“कुठेच नाही,” ती म्हणाली. चिरंजीवांकडे तिनं मुद्दामच पाहिलं नाही.

मी स्क्रीन जवळ घेतली आणि चष्मा वर केला. तिसऱ्या ओळीत ‘जन्मतारिख’ लिहिलं होतं, री ऱ्हस्व.

“ती माझी चूक,” चिरंजीव म्हणाले, आणि कर्सर तिथे नेऊन वेलांटी बदलायला लागले.